मुक्यांची चरित्रे

घरातल्या कुत्र्याच्या किंवा मांजराच्या नावाने फेसबुकवर अथवा इन्स्टाग्रामवर खाते उघडावे, त्यावर त्याचे छायाचित्र, जन्मतारीख, आवडीनिवडी आणि खोड्या यांची नोंद करावी, आणि ‘आज आईने मला आंघोळ घातली, मी फार रागावलो आहे’ अशी वाक्ये त्याच्या तोंडी घालून ती चारचौघांपुढे मांडावीत, हा प्रघात आता आपल्या शहरांतून चांगलाच रूढ झाला आहे. वडीलधारी माणसे याकडे पाहून हसतात, आणि नव्या पिढीच्या हाताला काम उरले नाही असा निर्वाळा देऊन मोकळी होतात. परंतु इतिहासाच्या दृष्टीने पाहू गेल्यास या खेळात नवे असे फारच थोडे आहे. मुक्या प्राण्याला नाव देणे, त्याची प्रतिमा करविणे, त्याचा पराक्रम लोकांना वाचावयास लावणे आणि अखेरीस त्याच्या मुखातून आपले शब्द वदविणे, हे सारे माणसाने निरनिराळ्या काळी आणि निरनिराळ्या देशी पूर्वीच केलेले आहे. नवे आहे ते इतकेच की, एके काळी ज्याला राजाज्ञा, पाथरवट आणि जमिनीचे दान लागत असे, ते आज शाळकरी मुलाला पाच मिनिटांत साधते.

या चरित्रांतले अतिप्राचीन असे एक इजिप्तमध्ये सापडले. 1935 साली गीझा येथे उत्खनन करीत असता अमेरिकन संशोधक जॉर्ज राइसनर यांच्या हाती चुनखडीची एक कोरीव शिळा आली. ती मूळ जागी नव्हती. दुसऱ्याच एका थडग्याच्या बांधकामात तिचा साधा दगड म्हणून उपयोग केलेला होता. तिच्यावरील लेख एका कुत्र्याविषयी आहे. त्याचे नाव ‘अबूतियू’ असे काहीसे वाचले जाते. हा कुत्रा राजाचा रक्षक होता. राजाने त्याच्या दफनाची आज्ञा केली, भांडारातून शवपेटी, उंची तागाचे वस्त्र, धूप आणि सुगंधी लेप दिला, आणि गवंड्यांकडून त्याच्यासाठी थडगे बांधून घेतले, असा त्या लेखाचा आशय आहे. काळ प्राचीन इजिप्तच्या सहाव्या राजवंशाचा, म्हणजे चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचा. मौज अशी की, या लेखात राजाचे नाव नाही. कुत्र्याचे नाव उरले आणि राजा केवळ ‘महाराज’ म्हणून उरला! थडगेही नाहीसे झाले, कुत्र्याचा देहही सापडला नाही. चार हजार वर्षे टिकली ती केवळ ओळख.

आपल्या देशातील उदाहरण याहून अधिक भरघोस आहे, आणि त्याची हकीकत थोडी विस्ताराने सांगण्याजोगी आहे. कर्नाटकातील मंड्या जिल्ह्यात आतकूर नावाचे गाव आहे. तेथे दहाव्या शतकाच्या मध्याचा एक कानडी शिलालेख मिळाला. तो आज बंगळूरच्या शासकीय संग्रहालयात ठेवलेला आहे. इतिहासकारांना हा लेख प्रिय आहे तो वेगळ्या कारणासाठी. मान्यखेटचा राष्ट्रकूट सम्राट तिसरा कृष्ण, ज्याच्या घराण्याची सत्ता महाराष्ट्रावरही होती, त्याने 949 साली तक्कोलमच्या रणांगणावर चोळांचा पाडाव केला, आणि त्या युद्धात चोळ राजपुत्र राजादित्य हा गंगराजा बूतुग याच्या हातून मारला गेला, ही दक्षिणेच्या इतिहासाला वळण देणारी घटना या लेखात नमूद आहे. परंतु शिळा उभारली गेली ती काही राजादित्याच्या वधासाठी नव्हे. ती उभारली एका कुत्र्यासाठी.

बूतुगाच्या पदरी मणलेर नावाचा वीर होता. युद्धातील त्याच्या शौर्यावर धनी संतुष्ट झाला आणि ‘हवे ते माग’ म्हणाला. अशा वेळी माणूस गाव मागतो, हत्ती मागतो, निदान सोन्याचे कडे तरी मागतो. मणलेराने मागितला ‘काळी’ नावाचा शिकारी कुत्रा. पुढे एका टेकडीवर या काळीला एका भल्या मोठ्या रानडुकरावर सोडण्यात आले. दोघांची झुंज झाली, आणि कुत्रा व डुक्कर दोघेही एकमेकांना मारून मेले. मणलेराने आतकूरच्या शिवमंदिरापुढे शिळा उभी केली, तीवर कुत्रा आणि डुक्कर यांची झुंज कोरविली आणि तिच्या पूजेअर्चेसाठी जमीन लावून दिली. एवढ्यावर तो थांबला नाही. त्या स्थानाची व्यवस्था पाहणाऱ्या पुजाऱ्याने या शिळेची पूजा केल्यावाचून अन्न घेतले, तर त्याला पाप लागेल, असेही त्याने लिहवून ठेवले.

वीरगळ आपल्या परिचयाचे आहेत. महाराष्ट्रातील कितीतरी खेड्यांच्या वेशीवर शेंदूर फासलेले, झिजलेले वीरगळ आजही उभे आहेत; त्यांतील बहुतेकांची नावे कोणालाच सांगता येत नाहीत. गुरांच्या रक्षणासाठी, गावाच्या सीमेसाठी प्राण दिलेली ती माणसे अनाम झाली. काळीचे नाव मात्र राहिले, कारण त्याच्या धन्याने चित्र, लेख आणि जमीन या तिन्हींची तजवीज केली. कीर्ती ही पुष्कळदा गुणांपेक्षा तजविजीवर टिकते, हे सत्य कटू असले तरी त्याला इलाज नाही.

मोगल बादशहा जहांगीर याने केलेल्या स्मारकाची जात निराळी आहे. आज पाकिस्तानात असलेल्या शेखूपुरा येथील हिरण मिनार ही वास्तू त्याच्या एका पाळीव हरणाच्या नावाने ओळखली जाते. हरणाचे नाव मनसराज. रानातून धरून आणलेले हे जनावर इतके तरबेज झाले की, माणसाळलेल्या हरणांच्या झुंजीत आणि रानटी हरणांना भुलवून आणण्यात त्याच्या तोडीचे दुसरे नव्हते. ते मेल्यावर बादशहाने तेथे मनोरा बांधविला, हरणाच्याच आकाराचा दगड त्याच्या कबरीवर बसविला, आणि त्या काळचा नामांकित सुलेखनकार मुल्ला महंमद हुसेन काश्मिरी याच्याकडून त्यावर गद्य लेख कोरून घेतला. लेखात काय आहे? हे हरिण बादशहाच्या जाळ्यात सापडले, महिन्याभरात त्याने रानटीपणा टाकला आणि तो खाशा हरणांचा म्होरक्या झाला. म्हणजे जन्म, शिक्षण आणि पदप्राप्ती! एखाद्या सरदाराचे चरित्र याच पायऱ्यांनी लिहिले गेले असते. शिवाय बादशहाने हुकूम काढला की, या परिसरात कोणी हरणांची शिकार करू नये. त्यांचे मांस हिंदूंना गोमांसासारखे आणि मुसलमानांना डुकराच्या मांसासारखे निषिद्ध मानावे.

हे सारे जहांगीराने स्वतःच्या आत्मचरित्रात लिहिले आहे. त्याच आत्मचरित्रात पुढे आपल्या शिकारीचा हिशोबही त्याने मोठ्या अभिमानाने दिला आहे. वयाच्या बाराव्या वर्षापासून पुढील सदतीस-अडतीस वर्षांत त्याच्या देखत 28,532 जनावरे मारली गेली, आणि त्यांपैकी 17,167 त्याने स्वहस्ते मारली. मनसराजावर अश्रू ढाळणारा आणि सतरा हजारांचा आकडा मोजून ठेवणारा, हे दोघे एकच. याला ढोंग म्हणणे सोपे आहे, पण ते बरोबर होणार नाही. ज्याला नाव मिळाले तो आपला झाला. ज्याला मिळाले नाही तो आकड्यात गेला. नाव देण्याच्या या लहानशा कृतीत केवढे सामर्थ्य आहे, आणि केवढा पक्षपातही आहे, हे त्या दोन नोंदी शेजारी शेजारी ठेवल्या म्हणजे ध्यानात येते.

एकोणिसाव्या शतकात राजेरजवाड्यांची ही हौस युरोपातील मध्यमवर्गाच्या घरात उतरली. व्हिक्टोरिया राणीच्या आवडत्या कुत्र्यांची चित्रे काढणारा एडविन लँडसिअर याच्या चित्रांच्या छापील प्रती घरोघर टांगल्या जात. न्यूफाउंडलंड जातीच्या पांढऱ्या-काळ्या कुत्र्याला त्याने असे काही लोकप्रिय केले की, त्या रंगाच्या कुत्र्यांना पुढे ‘लँडसिअर’ हेच नाव पडले. चित्रामुळे प्राण्याची जात ओळखली जाऊ लागली, हे येथे लक्षात ठेवावे. त्याचा परिणाम पुढे दिसणार आहे. त्यानंतर छायाचित्रण आले. इंग्लंडातील ब्रायटन या समुद्रकाठच्या गावी हॅरी पॉइंटर नावाचा छायाचित्रकार होता. 1870 नंतरच्या काळात त्याने मांजरांची छायाचित्रे काढून ती कार्डांवर छापून विकण्यास आरंभ केला. प्रथम ती साधीच होती. दूध पिणारी, टोपलीत निजलेली. पुढे त्याने मांजरांना चहाच्या मेजावर बसविले, तीनचाकी सायकलीवर चढविले आणि चित्राखाली एखादे गमतीचे वाक्य छापले. वाक्य आले आणि खप वाढला. अशी सुमारे दोनशे चित्रे त्याने केली. मांजराच्या चित्राखाली माणसाचे वाक्य घालून ते हजारो अनोळखी लोकांकडे धाडण्याचा आजचा जो उद्योग आहे, त्याचा मूळ पुरुष म्हणून ब्रायटनच्या या गृहस्थाकडे बोट दाखविता येईल.

याच सुमारास एडिंबरो येथे बॉबी नावाच्या एका लहान टेरियरची कीर्ती पसरली. 1858 साली मेलेल्या आपल्या धन्याच्या कबरीजवळ हा कुत्रा चौदा वर्षे, स्वतःच्या मृत्यूपर्यंत, बसून राहिला अशी ती कथा. नगराध्यक्षांनी त्याचा परवाना-कर भरला, त्याला नाव कोरलेला पट्टा दिला. 1872 मध्ये तो मेल्यावर पुढील वर्षी त्याचा पुतळा उभा राहिला. अलीकडे, 2011 साली, यान बाँडेसन या संशोधकाने असे मांडले की, बॉबी एक नव्हे, एकामागून एक असे दोन कुत्रे असावेत, आणि पहिला तर मुळात दफनभूमीत आसरा घेतलेला भटका कुत्रा असावा. दुपारच्या तोफेबरोबर जेवावयास जाणाऱ्या बॉबीला पाहण्यासाठी लोक गर्दी करीत, आणि त्या गर्दीचा लाभ आसपासच्या दुकानदारांना होई. तेव्हा एक बॉबी गेल्यावर दुसरा आणून बसविण्यात कोणाचे हित होते, हे सांगावयास नको.

जपानमधील हाचिको या कुत्र्याविषयी अशी शंका नाही. टोकियोचे प्राध्यापक उएनो 1925 साली निवर्तले, आणि हाचिको पुढे जवळजवळ दहा वर्षे शिबुया स्थानकावर येत राहिला. परंतु 1932 मध्ये वृत्तपत्रात त्याच्याविषयी लेख येईपर्यंत तो स्थानकावरच्या लोकांच्या शिव्या-लाथा खाणारा एक कुत्रा होता. लेखानंतर तो राष्ट्राचा झाला. 1934 मध्ये त्याच्या हयातीतच त्याचा पुतळा बसविला गेला, आणि शाळेच्या नीतिपाठांत कृतज्ञतेचा धडा म्हणून त्याला स्थान मिळाले. स्वामिनिष्ठ प्रजेची गरज त्या काळच्या जपानी राज्यकर्त्यांना किती होती, हे पुढील दहा वर्षांनी दाखविले. युद्धात धातूची टंचाई पडली तेव्हा तो पुतळाही वितळविला गेला. आज आहे तो 1948 चा.

महाराष्ट्रातील वाचकाला येथे रायगडावरील वाघ्याची आठवण होणे स्वाभाविक आहे. शिवछत्रपतींच्या चितेत उडी घेणाऱ्या या कुत्र्याचे स्मारक 1936 साली समाधीजवळ उभे राहिले. त्याच्या कथेला समकालीन कागदपत्रांचा आधार नाही, या मुद्द्यावर एकदा तो पुतळा काढून टाकण्यात आला, पुन्हा बसविण्यात आला, आणि 2025 मध्ये तो वाद पुनश्च उपस्थित झाला. कागद मागणाऱ्यांचा आग्रह इतिहासशास्त्राला धरून आहे; आणि तरीही कागद नसलेली ही कथा लोकांनी इतक्या जिव्हाळ्याने का जपली, हा प्रश्नही इतिहासाचाच आहे. मोठ्या मृत्यूच्या शेजारी लोकांना एक मुका साक्षीदार हवा असतो. माणसांच्या निष्ठेविषयी शंका घेता येते. कुत्र्याच्या निष्ठेविषयी ती घ्यावी असे कोणाला वाटत नाही.

आता वाणीकडे वळू. मुक्या जनावराला बोलते करण्याची मराठी मनावर कोरलेली कथा पैठणची. संन्याशाची मुले शुद्धिपत्र मागावयास आली असता तेथील पंडितांनी ज्ञानदेवाच्या नावाचीच थट्टा केली. नावात काय आहे, हा पखाल वाहणारा रेडा, त्याचेही नाव ‘ज्ञाना’च आहे, असे म्हणून त्यांनी त्यास आसूड मारविले. वळ उठले ते ज्ञानदेवांच्या पाठीवर. आणि मग त्या रेड्याच्या मुखातून वेद उमटले. जुन्नर तालुक्यातील आळे येथे या रेड्याची समाधी आहे आणि वारकरी तिला भक्तिभावाने नमस्कार करतात. या कथेत एक मर्म आहे. रेडा बोलला, पण स्वतःचे दुःख बोलला नाही. पखालीचे ओझे, आसुडाची वेदना, यांविषयी त्याने चकार शब्द काढला नाही. तो माणसांचे वेद बोलला. त्याची वेदना बोलली ती वेदांतून नव्हे, दुसऱ्याच्या पाठीवरील वळांतून.

जनावराच्या मुखातून जनावराचेच गाऱ्हाणे मांडण्याचे श्रेय ॲना सुएल या इंग्रज बाईला द्यावे लागेल. चौदाव्या वर्षी पाय दुखावल्यामुळे तिला आयुष्यभर चालणे कठीण झाले होते आणि घोडागाडीवाचून तिचे चालत नसे. तिने ‘ब्लॅक ब्यूटी’ हे घोड्याचे आत्मचरित्र लिहिले. 1877 च्या अखेरीस ते प्रसिद्ध झाले आणि काही महिन्यांतच ती वारली. श्रीमंतांच्या गाडीचे घोडे ऐटदार दिसावेत म्हणून त्यांची मान आखूड लगामाने वर ताणून बांधीत. त्याने घोड्याचा श्वास कोंडे आणि चढण चढताना जीव मेटाकुटीस येई. पुस्तकातील घोडा हे स्वतः सांगतो, आणि ते वाचून लोकांना त्या लगामाची लाज वाटू लागली. प्राणिदया-संस्थांनी या पुस्तकाच्या असंख्य प्रती वाटल्या. प्राण्याच्या नावाने ‘मी’ म्हणण्याचा इतका सरळ उपयोग पुढे क्वचितच झाला आहे. व्हर्जिनिया वुल्फ यांनी 1933 मध्ये एलिझाबेथ बॅरेट ब्राउनिंग या कवयित्रीच्या ‘फ्लश’ या कुत्र्याचे चरित्र लिहिले ते सुंदर आहे, पण त्याचे डोळे कवयित्रीवर अधिक आहेत.

यानंतरचा भाग सर्वांच्या डोळ्यांदेखत घडला, म्हणून त्याचा विस्तार नको. 2004 च्या जानेवारीत कुत्र्यांच्या प्रोफाइलसाठी ‘डॉगस्टर’ हे संकेतस्थळ अमेरिकेत सुरू झाले. माणसांचे फेसबुक निघाले त्याच वर्षी फेब्रुवारीत. कुत्र्यांनी माणसांवर महिनाभराची आघाडी घेतली असे म्हणण्यास हरकत नाही! फेसबुकने पुढे व्यक्तिगत खाते केवळ माणसालाच, प्राण्याला हवे तर स्वतंत्र ‘पेज’, असा नियम ठेवला. 2009 साली ट्विटरवर सॉकिंग्टन नावाच्या मांजराचे अनुयायी दहा लाखांवर गेले होते. त्याच्या नावाने लिहिणारा त्याचा धनी संगणकाच्या इतिहासाचा संग्राहक होता, हा योगायोगही मजेचा आहे.

2012 च्या सप्टेंबरात ॲरिझोनातील एका मांजरीचे छायाचित्र जगभर गेले. तिचा चेहरा सदैव रुसल्यासारखा दिसे, म्हणून ती ‘ग्रम्पी कॅट’ म्हणून प्रसिद्ध झाली. तिच्या नावाने पुस्तके निघाली, चित्रपट निघाला, पेय निघाले. आणि त्या पेयाच्या कराराचा भंग झाला म्हणून 2018 साली अमेरिकेच्या न्यायालयाने तिच्या मालकांच्या कंपनीला 7,10,001 डॉलर देवविले. वस्तुतः ती रुसलेली नव्हती. जन्मजात खुजेपणा आणि खालचा जबडा पुढे आलेला, यामुळे तिचा चेहरा तसा दिसत असे. 2019 मध्ये, सातव्या वर्षी, ती मेली. तिचे रूप एकटीचे होते, आणि कोणी ते मुद्दाम घडविले नव्हते.

सर्वच प्रसिद्ध चेहऱ्यांविषयी तसे म्हणता येत नाही. 1961 साली स्कॉटलंडमधील एका शेतावर दुमडलेल्या कानांची मांजरी सापडली आणि तिच्यापासून ‘स्कॉटिश फोल्ड’ ही जात निघाली. वाटोळे तोंड, मोठे डोळे, घुबडासारखे गोंडस ध्यान. छायाचित्रासाठी याहून चांगले रूप मिळणार नाही. पण कानाची कूर्चा ज्या दोषामुळे दुमडते, तोच दोष सर्व अंगाच्या सांध्यांत असतो आणि त्या मांजरांना वेदनादायक सांधेदुखी जडते. ब्रिटनच्या मार्जार-संघटनेने 1970 च्या दशकाच्या आरंभीच या जातीची नोंदणी थांबविली होती. तरीही पडद्यावर ती दिसत राहिली, आणि जे दिसते ते मागितले जाते. आपल्याकडेही 2003 च्या सुमारास एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत लहान मुलाच्या मागोमाग चालणारा चपट्या तोंडाचा पग घराघरांत दिसला, आणि पाहता पाहता त्या जातीची मागणी वाढली. चपट्या नाकपुड्यांतून श्वास ओढताना त्याला होणारी धाप आपल्याकडील उन्हाळ्यात किती वाढते, हे पशुवैद्य सांगत राहिले. त्याचे घोरणे मात्र लोकांना गोड वाटले, आणि त्याच्या नावाने उघडलेल्या खात्यांवर ‘मी किती आळशी आहे’ असे वाक्य त्याच्या तोंडी घातले गेले. ब्लॅक ब्यूटीचा लगाम सोडता येत होता. येथे तो कवटीतच घडविलेला आहे. सुएलबाईंच्या घोड्याने ‘मी’ म्हणून जे सांगितले, नेमके तेच या पगच्या ‘मी’ला सांगू दिले जात नाही.

ज्या इन्स्टाग्रामवर आज अशी असंख्य खाती आहेत, त्यावर चढविलेल्या अगदी आरंभीच्या छायाचित्रांपैकी एक 16 जुलै 2010 चे आहे. ते संस्थापक केविन सिस्ट्रॉम यांनी मेक्सिकोत, एका खाद्यपदार्थाच्या टपरीजवळ काढले. चित्रात एका कोपऱ्यात चप्पल घातलेले पाऊल आहे, आणि पिवळसर रंगाचा एक कुत्रा मान वर करून पाहतो आहे. त्याखाली एकच शब्द लिहिला होता: चाचणी. कुत्र्याचे नाव तेथे दिलेले नाही.